भेटीचं मराठी बायबल: अक्षर, शिवण आणि बासन

दृढीकरण (वयात आल्यावर श्रद्धा पक्की करायचा चर्चमधला विधी) झालं, लग्न ठरलं, मुलगी शिकायला पुण्याला निघाली, की आत्या-मामांकडून बायबल येतं. शरणपूरपासून नाशिकरोडपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत ही रीत जुनी आहे. भेटीची ही बायबलं दिसायलाही बहुतेक एकसारखीच: काळं नाहीतर मरून कव्हर, पानांच्या कडा सोनेरी, भोवती चेन, आत रेशमी फीत. पाच-सात वर्षांनी पाहिली तरी ती नवीच दिसतात, आणि दुखणं तेच आहे. पूर्वी मोलाची पोथी बासनात गुंडाळून ठेवत, आणि जे काम कधी होणार नाही तेही बासनातच जातं. भेटीच्या बायबलला दोन्ही अर्थ लागू पडतात.

स्तोत्र ११९ चं ७२ वं वचन देवाच्या शास्त्राला सोन्यारुप्याच्या हजारो नाण्यांहून मोलाचं म्हणतं. त्याच स्तोत्राच्या ११ व्या वचनात हे धन कुठे जपायचं तेही आहे: हृदयात. तेव्हा प्रत निवडताना विचारायचा प्रश्न एकच, ही रोज उघडली जाईल का? नाशिकमध्ये चर्चच्या पुस्तकांच्या टेबलावर, बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेत किंवा ऑनलाइन जे प्रकार मिळतात, त्यांची पारख इथे त्याच एका प्रश्नावर केली आहे. किमती छपाईगणिक बदलतात म्हणून दिलेल्या नाहीत. शिवाय पन्नास-शंभर रुपयांच्या फरकावर प्रत निवडणं म्हणजे चष्मा फ्रेमच्या रंगावरून घेण्यासारखं आहे.

आधी पुस्तकं मोजा

सगळ्यात महागात पडते ती पुस्तकांच्या संख्येची चूक. प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं बायबल ६६ पुस्तकांचं: जुना करार ३९, नवा २७. कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचं. त्याच्या जुन्या करारात तोबीत, यहूदीथ, मक्काबींचे दोन ग्रंथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख ही सात पुस्तकं जास्त असतात, आणि एस्तेर व दानीएल यांत काही वाढीव भाग असतो. शरणपूरच्या सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्या घरात ६६ ची प्रत बरोबर. त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉसला किंवा नाशिकरोडच्या बाळ येशूला जाणाऱ्या घरात तीच प्रत दिली, तर मिस्साला (कॅथलिक उपासनेला) बेन सिरामधलं वाचन निघालं की भेट घेतलेला माणूस पानं चाळत बसतो. कव्हरवर हा फरक ठळक लिहिलेला असेलच असं नाही. अनुक्रमणिकेत तोबीत आहे का, एवढं बघा. काही प्रतींत ही पुस्तकं दोन करारांच्या मधे वेगळी छापलेली असतात, तीही चालते.

मग अनुवाद. मिशनरी विल्यम कॅरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला, अमेरिकन मिशनचं संपूर्ण बायबल १८४७ मध्ये. पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्याच बायकांनी छापलं. ते १९२४ मध्ये पुरं झालं तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. प्रॉटेस्टंट उपासनेत आज मोठ्याने वाचलं जातं ते बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र'. त्याची मराठी भारदस्त आहे आणि पाठांतराला गोड आहे. याशिवाय सोप्या, बोलीच्या जवळच्या भाषेतले अनुवाद मिळतात.

कुणाला कोणता अनुवाद द्यायचा हे स्तोत्र २३ च्या पहिल्या वचनावरून ठरवता येतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' हे 'उणे पडणार नाही' ज्यांच्या जिभेवर बसलं आहे, त्यांना सोपा अनुवाद देऊ नका. पाठ असलेलं आणि छापलेलं जुळेनासं झालं की ते जुन्याच, फाटक्या प्रतीकडे परत जातात. उलट इंग्रजी माध्यमात शिकणारी चौदा वर्षांची मुलगी 'उणे' पाशीच थांबते. तिला सोपा अनुवाद, नाहीतर मराठी-इंग्रजी शेजारी-शेजारी छापलेली द्विभाषिक प्रत बरी. मात्र द्विभाषिक प्रतीत मजकूर दुप्पट होतो, म्हणून अक्षर बारीक आणि पुस्तक वीट. टेबलावर वापरायची वस्तू आहे ती, पिशवीतली नव्हे.

ऑनलाइन मागवताना आणखी एक घोटाळा. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे चुकीची प्रत येते आणि सेलोफेन न काढता तशीच भेट दिली जाते. पाकीट उघडून उत्पत्तीचं, म्हणजे पहिल्याच पुस्तकाचं, पहिलं वाक्य वाचा. 'आदि में परमेश्वर ने' असेल तर परत पाठवा.

अक्षर: ठिपक्यावर अर्थ अवलंबून असतो

देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. या सगळ्याला जागा द्यायची म्हणून त्याच पॉइंटमध्ये मराठी अक्षराचा गाभा इंग्रजीपेक्षा लहान पडतो. इंग्रजी बायबल ८ पॉइंटमध्ये आरामात वाचणाऱ्याला मराठी ८ पॉइंट टोचतं. म्हणून छोट्या, हातात मावणाऱ्या प्रती दिसायला कितीही गोजिऱ्या असल्या तरी संपूर्ण बायबल त्या आकारात घेऊ नये. त्या आकारात नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढंच असलेली प्रत घ्यावी. पानं कमी असल्यामुळे तिथे अक्षराला श्वास मिळतो.

तपासायचं कसं? शुभवर्तमानाचं कुठलंही पान उघडा आणि 'त्याच्या' आणि 'त्यांच्या' हे शब्द शोधा. दोन्हींत फरक एका ठिपक्याचा, आणि त्या ठिपक्यावर शिष्य एक की अनेक हे ठरतं. अनुस्वार पुसट आला असेल किंवा मात्रेला चिकटून गेला असेल, तर ती छपाई रोजच्या वाचनाची नाही. दुसरी तपासणी वचनांच्या अंकांची. बारीक छपाईत १ आणि ९ सारखे दिसू लागतात, ११ आणि १९ तर हमखास. तिसरी, एज्राच्या सातव्या अध्यायातलं 'अर्तहशश्त' हे नाव. तिथली जोडाक्षरं भरून गेलेली, शाईचा डाग झालेली दिसली तर टाइप किंवा छपाई यांपैकी काहीतरी गंडलं आहे.

ही तपासणी दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली करून भागत नाही. दारापाशी जा, पुस्तक छातीपासून हातभर लांब धरा. साठीच्या पुढच्या माणसासाठी घेत असाल तर त्यांनाच वाचायला लावा, आणि मोठ्या अक्षराची प्रत घ्यायला लाजू नका. तिची अडचण वजनाची आहे. मांडीवर धरून पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं. त्यावर उपाय पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानांतून मिळणारी लाकडी ठवणी, पोथी ठेवायची, घडी होणारी. मोठ्या अक्षराच्या बायबलबरोबर ठवणी भेट दिली तर बायबल वाचलं जाण्याची शक्यता दुपटीने वाढते, असं आमचं मत. फक्त ठवणी घेताना पुस्तकाची जाडी सांगा. पातळ पोथीसाठी केलेल्या ठवणीत जाड बायबल मधे खोल बसतं आणि पाठीवर ताण येतो.

येशूचे शब्द लाल शाईत छापलेल्या प्रतींबद्दल थोडक्यात: शोधायला सोयीचं, वाचायला नाही. पिवळ्या दिव्याखाली लाल अक्षर फिकं पडतं, आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत सलग तीन अध्याय तेच वाचायचं असतं. वयस्कर माणसासाठी साधी काळी छपाई घ्या.

कागद

नोट उजेडाला धरून बघायची सवय नोटांच्या छापखान्याच्या गावच्या, नाशिकरोडच्या माणसाला शिकवायला नको. बायबलचं पानही तसंच धरा. बायबलचा कागद तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपासचा असतो, झेरॉक्सचा ७० ते ८०. एवढ्या पातळ कागदावर मागचं अक्षर थोडं दिसणारच. चांगल्या छपाईत पाठपोट ओळी एकमेकींच्या बरोबर मागे येतात, त्यामुळे मागची सावली पुढच्या ओळीखालीच लपते आणि ओळींमधली जागा पांढरी राहते. वाईट छपाईत मागची ओळ दोन ओळींच्या मधोमध उमटते आणि सगळं पान करडं वाटतं. एकच पान बघून ठरवू नका. सुरुवातीचं, स्तोत्रांतलं आणि प्रकटीकरणातलं, अशी तीन पानं बघा. फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) बदलला की जुळणीही बदलते.

या कागदावर खुणा करायच्या तर रंगीत पेन्सिल, तीही बोथट टोकाची. ओला हायलाइटर मागच्या पानावर उतरतो, जेल पेन पसरतं, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या दोन पानांवर चर पडतात. खाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून लिहिलं तर तेवढं होत नाही. भेटीबरोबर पिवळी आणि निळी अशा दोन पेन्सिली दिल्या तर घेणाऱ्याला खुणा करायची जणू परवानगीच मिळते. कित्येकांना बायबलमध्ये रेघ ओढणं पाप वाटतं, आणि मग काही सापडलं तरी पुन्हा सापडत नाही.

शिवण, म्हणजे आयुष्य

पुस्तकाचं आयुष्य शिवणीत असतं. हजाराच्या पुढे पानं असलेलं पुस्तक नुसत्या डिंकावर चिकटवलं असेल तर दोन-तीन वर्षांच्या रोजच्या वापरात पाठीत तडकतं, आणि तडकतं ते बहुतेक मधोमध, जिथे ते सर्वाधिक उघडलं जातं. बायबलचा मध्य म्हणजे स्तोत्रसंहिता. म्हणून तपासणीही तिथेच करायची. पुस्तक स्तोत्रांच्या ठिकाणी उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. उघडंच राहिलं तर ठीक, झटक्याने मिटलं तर पाठ कडक आहे. मग एकेक पान पुढे-मागे जात दुमडीच्या खोबणीत दोऱ्याचे टाके दिसतात का बघा. फर्म्याच्या मधल्या दुमडीत टाके दिसलेच पाहिजेत. एकही सापडला नाही तर ते डिंकाचं काम. पाठीच्या वरच्या टोकाला डोळा लावूनही कळतं. शिवलेल्या पुस्तकात दुमडलेल्या फर्म्यांच्या छोट्या-छोट्या कमानी दिसतात, चिकटवलेल्यात सपाट कापलेली कड. टोकाशी लावलेल्या रंगीत कापडी पट्टीवर भुलू नका, ती डिंकाच्या पुस्तकालाही लावतात.

कव्हरचा क्रम आमच्या मते असा: कापडी किंवा रेक्झिनच्या जाड पुठ्ठ्याचं पहिलं, लवचीक नकली चामड्याचं दुसरं, चेन शिवलेलं सगळ्यात शेवटी. नकली चामडं म्हणजे बहुतेक वेळा कापडावर पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) थर. दमट हवेत हा थर आतून कुजतो आणि काही पावसाळ्यांनंतर त्याचे काळे पापुद्रे बोटांना, पानांना, पांढऱ्या साडीला लागू लागतात. त्यावर इलाज नाही, नवं कव्हर घालणं एवढाच. खरं चामडं टिकतं, पण बुरशी त्यालाही लागते, आणि मराठीत तसली प्रत क्वचित दिसते.

चेनबद्दल जरा सविस्तर, कारण भेट म्हणून सर्वाधिक खपते ती हीच. कव्हरलाच शिवलेल्या चेनीचे दात पानांच्या कडेला घासतात. घाईने बंद करताना उत्पत्तीची किंवा प्रकटीकरणाची टोकाची पानं दातांत अडकून फाटतात. चेन पूर्ण उघडली नाही तर पुस्तक सपाट उघडत नाही, म्हणून वाचणारा पाठ मागे वाकवतो आणि शिवणीवर ताण येतो. आणि चेनचा रनर बिघडला की सगळं कव्हरच निकामी. आहे त्या चेनीसाठी एक उपाय: साधी पांढरी मेणबत्ती दातांवरून दोन-तीनदा घासून चेन पाच-सहा वेळा उघडझाप करा, सरकायला लागते. नवं घेताना मात्र पुठ्ठ्याची शिवलेली प्रत घ्या आणि वेगळं कापडी चेनचं कव्हर शिवून घ्या. बॅगा शिवणारा कुणीही ते करतो. मापं तीन द्यायची: लांबी, रुंदी, जाडी. प्रत्येकात एक सेंटिमीटर सैल. मंडळीत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक नेणारे असतील तर त्याची जाडीही मिळवा, नाहीतर दोन्ही कोंबून पहिल्याच महिन्यात शिवण उसवते.

सोनेरी कडांची पानं नवीन असताना एकमेकांना चिकटलेली असतात. तशीच ओढली तर कोपरे फाटतात. नवी प्रत मोकळी करायची रीत अशी: पुस्तक पाठीवर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा. मग पुढून दहा-पंधरा पानं घेऊन दुमडीपाशी अंगठा हलकेच फिरवा, नंतर मागून तेवढीच, पुन्हा पुढून, असं करत मध्यापर्यंत या. वीस मिनिटं लागतात. हे भेट देणाऱ्यानेच करून द्यावं. घेणारा पहिल्या दिवशी उत्साहाने थेट योहान ३:१६ उघडून पाठ मोडतो.

कडेला अर्धगोल खाचा पाडून पुस्तकांची नावं लिहिलेल्या प्रती दिसतात. ओबद्या, यहूदा अशा एकेका पानाच्या पुस्तकांना खाच वेगळी देता येत नाही म्हणून ती गटाने देतात, आणि मग शोधणारा गोंधळतो. शिवाय खाचेपाशी पातळ कागद सर्वात आधी दुमडतो. शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) पुस्तकांची नावं क्रमाने पाठ करून घेतात, तो उपाय अजून तरी स्वस्त आणि टिकाऊ आहे.

फिती, संदर्भ आणि वाचायचा हिशोब

फिती दोन हव्यात. एक जुन्या करारात, एक नव्यात. प्रतीला एकच असेल तर दुसरी घरी लावता येते. पुठ्ठ्याच्या कव्हरात पुस्तक उघडलं की पाठ आणि कव्हर यांत पोकळी दिसते. पोस्टकार्डाची बोटभर पट्टी घ्या, तिच्या टोकाला पातळ साटिनची फीत फॅब्रिक गोंदाने चिकटवा, वाळू द्या, आणि पट्टी पोकळीत वरून सरकवा. फितीची लांबी पानाच्या कर्णाहून चार-पाच सेंटिमीटर जास्त. टोक तिरकं कापून त्यावर रंगहीन नेलपॉलिश लावलं की धागे सुटत नाहीत.

बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत, म्हणजे ६६ पुस्तकांचे. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला २३. बावन्न आठवड्यांत ११९६ होतात, वर्षात पुरं होऊन सात शिल्लक. हिशोब सोपा आहे, पण माणसं अडकतात ती ठरलेल्या जागी: निर्गमचा २५ वा अध्याय, जिथे निवासमंडपाची मापं सुरू होतात, आणि मग लेवीय. दोन फिती इथे उपयोगी पडतात. दोन अध्याय जुन्या करारातले, एक नव्यातला, असं वाचलं तर लेवीयाच्या दिवसांतही शुभवर्तमान हाताशी राहतं. नव्या कराराचे अध्याय २६० च आहेत, ते आधी संपतील. मग ती फीत स्तोत्रांत आणा. स्तोत्र ११९ एका दिवसात उरकू नका. १७६ वचनं, हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर आठ-आठ वचनांची २२ कडवी. रोज एक कडवं, बावीस दिवस.

संदर्भवाली प्रत घ्यायची का? शब्बाथ शाळा घेणाऱ्याला, वचन सांगणाऱ्याला जरूर. पारखायला मत्तय ४:४ उघडा. तिथे येशूने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं (८:३) वाक्य सैतानाला ऐकवलं आहे, तो संदर्भ समासात किंवा तळाशी असायलाच हवा. तसाच लूक ४:१८ पाशी यशया ६१:१. हे दोन्ही नसतील तर 'संदर्भासह' ही कव्हरवरची सजावट समजा. नुकतंच वाचायला लागलेल्या माणसाला मात्र साधीच प्रत द्या. बारीक खुणांनी भरलेलं पान त्याला परीक्षेच्या गाइडसारखं वाटतं.

अडखळत वाचणाऱ्यांना बायबल देऊन काय उपयोग, असं कुणी म्हणालं तर शरणपूरकडे बोट दाखवता येतं. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनच्या शाळेत अक्षर शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्यासोबत होता. लिव्हिंग्स्टनचं हृदय आफ्रिकेतच पुरलं, तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती वेनराइटनेच.

नाव घालणं आणि जुनी प्रत बांधणं

सोनेरी अक्षरांत नाव घालून देणारे शहरात आहेत. कॉलेजांचे प्रबंध काळ्या कव्हरात बांधणाऱ्यांकडे हे यंत्र असतं. इंग्रजी खिळे (अक्षरांचे ठसे) त्यांच्याकडे तयार असतात, मराठी नावासाठी ब्लॉक करावा लागतो, त्याला वेगळे पैसे आणि दोन-चार दिवस. 'ख्रिस्तिना'तला 'ख्रि' किंवा कुठलाही रफार ब्लॉकवर तपासून घ्या, कव्हरवर दुरुस्ती होत नाही. नकली चामड्यावर उष्णता जास्त झाली तर थर वितळतो, म्हणून आधी मागच्या आतल्या कोपऱ्यात नमुना मारायला सांगा. हे सगळं नको असेल तर पहिल्या कोऱ्या पानावर हाताने लिहा: नाव, तारीख, निमित्त, एक वचन. न उडणाऱ्या शाईने.

जुनी प्रत पुन्हा बांधून घेणं ही याहून मोठी भेट. आजीचं बायबल नातवाच्या दृढीकरणाला बांधून द्यावं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं आहेत. पण प्रबंध बांधणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. एक, समासातून आरपार टोचे मारायचे नाहीत. प्रबंधाला तसं चालतं, बायबलचा आतला समास अरुंद असल्यामुळे ओळींची टोकं शिवणीत जातात. फर्मे सोडवून दुमडीतून शिवायचं. दोन, कडा कटिंग मशीनखाली घालायच्या नाहीत. आजीने समासात लिहिलेल्या तारखा पहिल्या त्याच कापल्या जातात. परीक्षांच्या हंगामात हे काम देऊ नका, घाईत सगळं टोच्यांवर जातं. देण्याआधी सुटी पानं, फुलं, फोटो काढून पाकिटात ठेवा, आणि पृष्ठक्रम स्वतः लावून द्या.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकट तेल कागदात उतरतं आणि अक्षर घेऊन निघते. त्याऐवजी गव्हाचा चीक, उन्हाळ्यात कुरडयांसाठी काढतात तोच, पण मीठ-हिंग घालण्याआधीचा. वाळलेला चीक एक चमचा, पाणी पाच चमचे, मंद आचेवर काचेसारखा होईपर्यंत ढवळा, गार करून गाळा, दुधाइतका पातळ करा. जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडून घ्या, म्हणजे कड मऊ राहते. ब्रशने खळ लावून फाटीवर बसवा, वर-खाली बटरपेपर, त्यावर वजन, रात्रभर. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, घरी घालू नका, आणि बांधून आलेलं पुस्तक चाळताना बोटाला थुंकी लावायची सवय सोडा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर पुस्तक बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, भिंतीची ओल पुठ्ठ्यात येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं तर आतली दमट हवा आतच राहते आणि बुरशी धरते. जुनं सुती बासन प्लॅस्टिकहून कितीतरी बरं, हवा खेळती राहते. कसर लागते ती न हलणाऱ्या पुस्तकांना. रोज उघडल्या जाणाऱ्या पुस्तकात ती मुक्काम करत नाही.

चर्चहून येताना भिजलंच, तर उन्हात किंवा इस्त्रीखाली नको, पानं लाटा घेतात. टॉवेलने बाहेरचं पाणी टिपा, दर वीस-तीस पानांत कोरा टिश्यू घाला (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), उभं करून पंख्याखाली ठेवा, टिश्यू दर दोन तासांनी बदला. सोनेरी कडांची पानं वाळताना वीट होतात, म्हणून अर्धवट ओली असतानाच ती सोडवत राहा. त्याच दिवशी हे करायला वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, आणि आठवड्याने सवड मिळाली की बाहेर काढून सावकाश वाळवता येतं.

इतकं करूनही जुना करार कुजून गेला आणि नवा करार शाबूत राहिला, असं होतं. सेलोटेपने झाकून ठेवण्यापेक्षा बाइंडरला सांगून मत्तय ते प्रकटीकरण वेगळं काढून घ्या. पातळ पुठ्ठ्यात शिवलेला तो खिशात राहणारा नवा करार होतो, आजीच्या खुणांसकट.